जोडव्याच्या खाचेतलं शेण

गेल्या उन्हाळ्यात माझी कंबर धरली. सोनाराची कंबर धरायचीच, जन्मभर ऐरणीपुढे वाकून बसल्यावर दुसरं काय होणार. बायको मला बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रे काढणाऱ्या माणसाने अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, माझ्या अंगावर काही नसतं. मी खोटं बोललो असं नाही. मला त्या क्षणी खरंच तसं वाटलं, कारण तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगावर दागिने चढवले आणि स्वतःच्या बोटात साधी अंगठी घातली नाही.

फोटो आला तेव्हा मणक्याच्या डाव्या बाजूला एक पांढरं वाटोळं कडं दिसत होतं.

"काका, हे काय गिळून बसले तुमी? नथ का अंगठी?" तो माणूस हसत म्हणाला.

ते करदोट्यात बांधलेलं एक जोडवं होतं. एकच. बायकोने ते सोडवून हातात घेतलं. ती सोनाराची लेक आणि सोनाराची बायको. खिडकीकडे धरून तिने ते फिरवलं, नखाने खरवडलं.

"हे बाईच्या पायातलं आहे," ती म्हणाली. "अन् हे जळालेलं आहे."

"हो."

"कोणाचं?"

"सांगतो."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. चिखलीला गाडी थांबली तेव्हा उतरून तिने माझ्यासाठी चहा आणला, स्वतः घेतला नाही. त्याला आता वर्ष होत आलं. 'सांगतो' म्हणून मी अजून सांगितलेलं नाही. मला तोंडाने सांगणं जमत नाही, कधीच जमलं नाही, आणि पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्यातूनच झालं. म्हणून कागदावर. आधी तिलाच वाचायला देईन.

लोक दागिने का घालतात हे मला ठाऊक असायला हवं. विशीत मला वाटायचं की आहे. चांगलं दिसायला, चारचौघांत मिरवायला, अडीनडीला मोडायला. देऊळगाव राजाच्या सराफ गल्लीत आमचं छोटं दुकान, वडील कारागीर, मी त्यांच्या हाताखाली तयार झालेलो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही. गिऱ्हाईक ते सोनं हातात घेऊन पितळेकडे बघावं तसं बघायचं आणि परत ठेवायचं. गल्लीतल्या दोघा-तिघांनी बागेसरी, म्हणजे आमची कोळशाची शेगडी, विझवली आणि दुसऱ्याच्या शेतात कामाला गेले. आमच्याकडे उरलं ते चांदीचं काम, आणि त्यातही असलं काम की जे मोठे सराफ हातात घेत नसत.

त्या कामाने माझी समजूत पार विस्कटली. एक पैलवान स्वतःचा पडलेला दात घेऊन आला. त्याला चांदीत बसवून गळ्यात घालायचा होता, कारण तो दात पाडणाऱ्याला त्याने नंतर चीत केलं होतं. एका आईने विंचवाची वाळलेली नांगी कापसात गुंडाळून आणली. ताइतात घालून पोराच्या दंडावर बांधली की त्याला विंचू चावणार नाही. बाळाची वाळलेली नाळ तर दर महिन्याला कोणी ना कोणी आणायचं. जळगाव जामोदच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याकडून फिरस्ते यायचे, त्यांच्या पिशवीत अस्वलाची नखं. त्यांना चांदीची टोपी करून द्यायची. तीन मुलं गेलेल्या बाईने चौथा मुलगा नाक टोचून नथ घालायला आणला होता. मरणाने यावं, नथ बघावी, पोरगी आहे म्हणून निघून जावं. तो मुलगा माझ्याकडे बघून हसत होता आणि मी त्याच्या नाकात तार घालत होतो.

मी वडिलांना विचारलं, "बाबा, या लोकाईले हे खरं वाटते का?"

ते म्हणाले, "ज्याचं भेव त्याले ठाऊक. आपण कडी पक्की लावायची."

या सगळ्यात एक काम होतं 'सवत' घडवायचं. आमच्याकडे काही घरांत पहिली बायको वारली आणि माणसाने दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीची चांदीची छोटी पुतळी घालतात. तिलाच म्हणतात सवत. नवी साडी आधी सवतीला लावायची, मग अंगावर घ्यायची. हळदकुंकू आधी तिला. जेवणातला पहिला घास तिच्यापुढे धरायचा. नाही केलं तर ती रुसते, दुसरीला अंथरुणाला खिळवते, लेकरू ठरू देत नाही. लोक दुकानाची पायरी चढून सरळ म्हणायचे, "एक सवत घडवायची आहे." मला सुरुवातीला हसू यायचं. घडवलेली सवत म्हणजे काय!

वडिलांचा या कामात एक नेम होता. सवतीच्या चांदीत थोडी तरी मेलेल्या बाईच्या अंगावरची चांदी हवी. सवाष्ण गेली तर तिची जोडवी पायातच ठेवून अग्नी देतात, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती सापडली तर घरचे जपून ठेवतात. तीच आमच्याकडे यायची. आगीतून आलेली चांदी सोनाराला डोळे मिटूनसुद्धा कळते. रंग राखेसारखा मेलेला, अंगावर बारीक फोड, कडा बसलेल्या, खाचांतून पांढरी राख अशी चिकटलेली की ब्रशनेही निघत नाही. वडील ती आधी पाण्यात सोडायचे, हात जोडायचे आणि मगच कामाला घ्यायचे.

एकदा वडील तापाने घरात पडून होते. बाजाराचा दिवस. दुसरबीडच्या पुढच्या एका खेड्यातला माणूस पायरीवर येऊन बसला. तिशीचा, पायात करकरीत नव्या वहाणा.

"सवत घडवायची," तो म्हणाला.

"कोण गेलं?"

"घरची."

"कशानं?"

"तापानं." मग रस्त्याकडे बघत जरा वेळाने, "पोटाचं दुखणंबी होतं तिचं."

धोतराच्या सोग्याची गाठ सोडून त्याने जोडव्यांची जोडी माझ्यापुढे ठेवली. मी एक उचललं. तीन पेडी, मध्ये खोल खाच. चांदी मळलेली होती, पण जिवंत होती. फोड नाही, कड बसलेली नाही. आणि खाचेत शेण होतं. वाळलेलं, हिरवट, त्यात भुश्याची एक काडी. सारवताना बाई उकिडवी बसते, पायाची बोटं ओल्या शेणात जातात, तसं बसलेलं. आठ-पंधरा दिवसांपूर्वीचं असेल.

मला तेव्हाच कळलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. नंतर कळलं, शंका आली, असं मी स्वतःलाच वर्षानुवर्षं सांगत आलो. पण तसं नाही. ती जोडवी कोणत्याही चितेवर गेली नव्हती आणि ती ज्या पायांतून निघाली ते पाय कुठेतरी चालत होते, हे मला ते शेण बघताक्षणी कळलं होतं. दुसरी बायको करायची तर पहिली जिवंत असून चालत नाही, असा कायदा तेव्हा नवा होता, आणि जिवंत सवतीवर लेक द्यायला आता मुलीचे बापही तयार नसत. पहिली मेली याचा दाखला खेड्यात कोण मागतो? पण नवरीच्या गळ्यात सवत आली की झालं. ती पुतळी हाच दाखला.

मग मी विचारलं का नाही? कसं विचारायचं हो? 'तुमची बायको खरंच मेली का' असं? काम नव्हतं, हे एक कारण. पण खरं कारण दुसरंच आहे आणि ते सांगायला जास्त लाज वाटते. आमच्याकडे वडिलांचा पितळी ठसा होता. त्यावर पत्रा ठोकला की वाटोळ्या तोंडाची, टिकल्यांएवढ्या डोळ्यांची बाई उठायची. सगळ्या मेलेल्या बायका एकाच तोंडाच्या. मला कधीपासून हाताने चेहरा कोरायचा होता आणि वडील करू देत नव्हते. हा माणूस म्हणाला, "ठशावरची नको. तिची तीच दिसली पाहिजे. सोयऱ्याईले खरं वाटलं पाहिजे."

खरं वाटलं पाहिजे! तरी मी विचारलं काय, तर, "दिसायला कशी होती?"

"नाक बसकं. कपाळ मोठं. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके."

मी चिंचेच्या पाण्यात जोडवी उकळली आणि खाचेतलं शेण स्वतः ब्रशने काढलं. पाणी रस्त्यावर फेकलं. जोडवी मुशीत वितळवली, पत्रा ठोकला आणि दोन दिवस डोळे फोडून तो चेहरा कोरला. हनुवटीवरचे तीन ठिपके सुईने दिले. माझ्या हातचं ते पहिलं चांगलं काम. वडील ताप उतरल्यावर दुकानात आले, त्यांनी पुतळी अंगठ्याखाली फिरवली.

"चांदी तिचीच?"

"हो."

"राखेतली?"

"हो."

ते "हं" म्हणाले आणि पुतळी खाली ठेवली. हात जोडले नाहीत. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, मी कधी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं असं बापाकडून लेकाकडे येतं.

पुढच्या वर्षी अश्विनात बालाजीच्या यात्रेला गाव फुलून गेलं होतं. दुपारी एक बाई आणि तिच्यामागे एक माणूस दुकानाशी येऊन थांबले. बाई पायरीवर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "हेच का हो सराफ गल्लीतलं तिसरं दुकान? माहे जोडवे उजळायले आले होते तुमच्याकडं. वर्ष होऊन राह्यलं. उजळून राह्यले का खाणीतून नवी चांदी काढून राह्यले, दादा?"

तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते.

मी घडवलेला चेहरा पायरीवर बसून माझी थट्टा करत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? नाक बसकं नाही. नाक सरळ, चांगलं धारदार आहे. त्या माणसाने मला नाक चुकीचं सांगितलं. आपल्या बायकोचं नाक त्याला आठवत नव्हतं का? की मुद्दाम? इतकं सगळं समोर असताना मी नाकाचा विचार करत होतो.

मग माझी नजर तिच्या पायांकडे गेली. सवाष्णीचं बोट उघडं राहू नये म्हणून तिने दोन्ही पायांच्या बोटांना पांढरा दोरा गुंडाळला होता. धुळीने तो मातकट झाला होता.

तिने आपणहून सगळं सांगितलं. लेकरू होत नव्हतं. नवऱ्याने तिला माहेरी पोचवलं, जळगाव जामोदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. निघताना म्हणाला, जोडवी काळी पडली, देऊळगावच्या सराफ गल्लीतल्या तिसऱ्या दुकानातून उजळून आणतो, घ्यायला येईन तेव्हा तुझ्या पायात घालीन. ती थांबली. तो आला नाही. मागे उभा होता तो तिचा भाऊ. त्याचं म्हणणं, बोलावल्याशिवाय सासरी जायचं नाही. तेव्हा तिने काढलेली वाट अशी की जोडवी आपणच सोडवून घ्यावी. "मंग तेबी येतीन," ती म्हणाली. "जोडवे झाले नसतीन म्हणून कसं यावं म्हणत असतीन."

भाऊ रस्त्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं का? आजही मला सांगता येत नाही.

मी म्हणालो, "झाले नाहीत. उद्या सकाळी या."

त्या संध्याकाळी दुकानातल्या चांदीची मी तशीच जोडी घडवली. तीन पेडी, मध्ये खाच. नमुना हातात बसलेला होता. सकाळी ती आली, पायरीवर बसून तिने दाताने दोरा तोडला, बोटं थुंकीने ओली केली आणि जोडवी चढवली. पाय इकडून तिकडे वळवून बघितले.

"जड लागून राह्यले, दादा."

"उजळल्यावर लागतात तशी."

उजळलं की चांदी घासली जाते, हलकी होते. कोणताही सोनार हे ऐकून हसला असता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाव?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि हसली. "ते बाजाराले येतेत तुमच्याकडं. जोडवे झाले म्हणून सांगजा त्यायले."

"सांगतो."

मी सांगितलं नाही. तो माणूस नंतर दोनदा दुकानावरून गेला, माझ्याकडे न बघता. मीही हाक मारली नाही.

दोन-तीन वर्षांनी त्या माणसाची दुसरी बायको आली. कडेवर पोरगं, गळ्यात मंगळसूत्राखाली माझी पुतळी. तिचं येणं मी स्वप्नात अनेकदा बघितलं होतं, पण ती रडतभांडत येईल असं वाटायचं. ती तर आनंदात होती.

"बाईची कडी झिजली, दादा. लय जपतो मी तिले, पडली गिडली तं?" ती सवतीला बाई म्हणायची. "माह्यावर जीव तिचा. पहिल्या दोन वर्षांत लेकरू नाही झालं तं मी रोज तिच्यापाशी रडत होती. म्हटलं, बाई, तुले नाही झालं, मले तं दे. देलं न तिनं! हे पहा." पोराने माझी फुंकणी ओढली. "नाक तेवढं तुमी लय बसकं केलं. तुमी पाह्यली होती का तिले?"

"एकदा."

"कशी होती?"

मी डाख लावत होतो, नजर वर केली नाही. "हसायची," मी म्हणालो.

"मले वाटलंच," ती म्हणाली आणि पुतळी कुरवाळत घरी गेली.

'हसायची.' पहिली बाई तिकडे डोंगराच्या पायथ्याशी जिवंत होती आणि मी भूतकाळात बोललो. त्या माणसाने तिला एकदा मारलं होतं, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा मारलं.

इथे माझा गोंधळ सुरू होतो आणि तो अजून संपलेला नाही. दुसरीच्या गळ्यात मी खोटं मरण घातलं आणि पहिलीच्या पायात खोटा संसार. पण दुसरीला त्या खोट्याने लेकरू दिलं, असं ती म्हणते. पहिली त्या खोट्यावर ताठ चालत होती. मग दागिना कशासाठी असतो? विंचवाची नांगी तरी कुठे खरी असते? पण ती आणणाऱ्या आईला नांगी म्हणजे काय ते ठाऊक असतं. या दोघींना ठाऊक नव्हतं. ठाऊक फक्त मला होतं. मी रोज सकाळी दुकान उघडत होतो, लोकांच्या कड्या पक्क्या लावत होतो, आणि बाजारच्या दिवशी बायकांचे पाय बघत होतो.

वर्षं गेली. वडील गेले. तो माणूसही साप चावून गेला. दुसरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र निघालं, पुतळी राहिली. मी बाजारात लांबून बघितली. तेव्हा मी पहिलीला कळवायला एक पोस्टकार्ड घेतलं. 'कळविण्यास दुःख होते की' इथपर्यंत लिहिलं. मग वाटलं, हे वाचून ती बांगड्या फोडील, जोडवी काढील. वीस वर्षं जो आला नाही त्याच्यासाठी. का काढायला लावू? पोस्टकार्ड मी बागेसरीत टाकलं. ती दया होती की पुन्हा तीच भीती, मला वेगळं करता येत नाही. मुशीत दोन धातू एकत्र वितळले की नुसत्या नजरेने वेगळे दिसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिचा भाऊ आला. केस पिकलेले, पण मी लगेच ओळखलं. त्याने कोपरीच्या खिशातून एक पुरचुंडी काढली. आत जोडवी होती. रंग मेलेला, अंगावर फोड, खाचेत पांढरी राख. माझ्या हातची जोडवी. मी न ठरवता ती तांब्यातल्या पाण्यात सोडली आणि हात जोडले.

"महिना झाला," तो म्हणाला. "मरायच्या आधी म्हणे, हे माहे नाहीत. त्या सोनाराचे आहेत, त्याले वापस नेऊन दे."

"तिला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. गाडीत बसल्यावर म्हणाली मले. माह्या जोडव्याले आतून विळ्याची खूण होती, याले नाही. म्हणे, सोनार बिचारा चांगला आहे, त्याले खोटं बोलता येत नाही."

मी तांब्यातून एक जोडवं काढून आतल्या कडेवर नख फिरवलं.

"मंग का घातले तिनं?" मी विचारलं.

"इचारलं मी. म्हणे, बोटं उघडे पडतेत." तो टोपी काढून पुन्हा घालत होता. "सवाष्ण गेली. मळवट भरून नेली आम्ही. तिकडं आता निरोप द्या लागते."

"ते गेले," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली."

त्याने टोपी मांडीवर ठेवली. "बरं झालं तिले ठाऊक नव्हतं," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "का वाईट झालं हो?"



दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि एस.टी.ने त्या खेड्यात गेलो. बायकोला जालन्याला जातो असं सांगितलं. दुसरी बाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मुलगा शेतात. मला बघून तिने पदर सारखा केला. "या दादा. कडी तं पक्की आहे अजून."

मी उभ्यानेच सांगितलं. शेण, चिंचेचं पाणी, तीन ठिपके, यात्रा, नवी जोडवी, सगळं. इतकं सलग मी जन्मात बोललो नव्हतो. ती शेंगा सोलत राहिली, सोललेले दाणेही टरफलांत टाकत राहिली. मग तिचा हात थांबला.

"म्हंजे जिती होती?"

"हो."

"मी रोज घास दाखवला तवा जिती होती?"

"हो."

"मंग मी जेवू कोणाले घालत होती हो?" तिने पुतळी मुठीत धरली. "लेकराले ताप आला की हिच्याच पाया पडली मी. तो तं उतरला. तो कोणं उतरवला?"

"मला माहीत नाही."

"तुमाले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हो."

"मुडदा बसवला तुमचा!" ती ओरडली. "एवढी वर्षं नाही सांगतलं, मंग आताच काऊन सांगून राह्यले? मी मेल्यावर सांगायचं होतं! तिले ठाऊक होतं का मी आहो म्हणून?"

तेही मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. तिने पुतळी मुठीतून सोडली, तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती काढून माझ्या अंगावर फेकेल. फेकायलाच हवी होती.

"खरी कधी गेली?" तिने विचारलं.

"महिना झाला."

ती बोटांवर मोजत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग ती उठली, जणू चुलीवरचं दूध आठवावं तशी. "दहा दिवस उलटून गेले. म्हंजे आयकल्यावर आंघोळ लागते मले. माही सवत आहे ती." आणि अंगणातल्या रांजणापाशी जाऊन तिने लुगड्यासकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. गार पाणी, हिवाळ्याची दुपार. तांब्यामागून तांब्या. पाणी केसांतून पुतळीवर, पुतळीवरून पायांवर. तिच्या ओठांची थरथर थांबत नव्हती. रडत होती की काकडली होती, कळत नव्हतं.

मी पुरचुंडी ओट्यावर ठेवली. "हे तिच्या पायातलं. तुम्ही ठेवा."

ती ओल्या अंगाने आली, जोडवी तळहातावर घेऊन बघितली. खाचेतल्या राखेवर बोट फिरवलं.

"चांदी तुमची न हे?"

"हो."

"मंग एक तुमी न्या." तिने एक माझ्या हातात दिलं, दुसरं मुठीत मिटलं. पुतळी तिच्या गळ्यातच होती. "अन् तुमीबी करा आंघोळ."

"मी?"

"तुमीबी तिले मारलीच होती न. मेलेल्याचं करा लागते. लागत होती ती तुमची कोणीतरी."

मी रांजणापाशी गेलो. सदरा-धोतरासकट तीन तांबे डोक्यावर घेतले. ती दाराशी उभी राहून बघत होती, तिसऱ्यानंतर "बस" म्हणाली आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. जोडवं कुठे ठेवू कळेना. खिसा पाण्याने भरला होता. मी ते करदोट्याला बांधलं.

गाडीत मी उभाच राहिलो; बाकावर ओलं नको म्हणून. पायांखाली थारोळं साचलं होतं. कंडक्टरने मला खालवर न्याहाळलं.

"काय काका, पाऊस तं कुठंच नाही."

"आंघोळीचं होतं," मी म्हणालो. "देऊळगाव राजा एक."

"अरेरे. कोण गेलं?"

मी करदोट्यावरून हात फिरवला. जोडवं अजून गार होतं.

"लागत होती कोणीतरी," मी म्हणालो, आणि त्याने तिकीट फाडून माझ्या ओल्या हातात दिलं.